बाप्तिस्मा म्हणजे बारसंच ना?

दिराच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातली नवी सून डबा परत द्यायला आली. रिकामा डबा देत नाहीत म्हणून त्यात मूठभर साखर घातली होती. आदल्या दिवशी ती आणि तिच्या सासूबाई चर्चमध्ये आल्या होत्या. मागच्या बाकावर बसून त्यांनी सगळं नीट पाहिलं होतं: बाळाच्या कपाळावरून तीनदा ओतलेलं पाणी, तेलाचं बोट, पांढरा झगा, मोठ्या मेणबत्तीवरून पेटवून बाळाच्या वडिलांच्या हातात दिलेली छोटी मेणबत्ती. दारातच तिनं विचारलं, "काकू, बाप्तिस्मा म्हणजे आमचं बारसंच ना? आणि ती मेणबत्ती, तिचं पुढं काय करायचं?"

मी तिला आत बसवलं. दोन्ही प्रश्न मला फार आवडले. तिला जे सांगितलं ते, आणि त्या दिवशी सांगायचं राहिलं तेही, इथे लिहिते आहे.

नाव बाप्तिस्म्यात मोठ्यानं घेतलं जातं हे खरं. पण नाव ठेवणं हा त्याचा गाभा नाही. त्या मुलीचं नाव दोन महिने आधीच महापालिकेच्या दाखल्यावर लागलं होतं. बाप्तिस्मा हा ‘संस्कार’ आहे. ख्रिस्ती लोक हा शब्द कोणत्या अर्थानं वापरतात ते कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

लॅटिनमध्ये या गोष्टीला ‘साक्रामेंतुम’ म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत ‘साक्रामेंत’ सापडतो तो त्यातूनच आलेला. ख्रिस्ती लोकांनी उचलण्याआधी तो शब्द शिपाईगड्यांचा होता. रोमन सैन्यात भरती होताना शिपाई जी शपथ घ्यायचा, ती साक्रामेंतुम. इ.स. ११२ च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एका भागाचा, रोमन सुभेदार प्लिनी यानं सम्राट ट्रेजनला एक पत्र लिहिलं. हे ख्रिस्ती लोक नेमकं करतात तरी काय, याची त्यानं चौकशी केली होती. ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गाणं म्हणतात आणि शपथ घेतात, असं तो लिहितो. शपथ कसली? चोरी करायची नाही, लुबाडायचं नाही, व्यभिचार करायचा नाही, दिलेला शब्द मोडायचा नाही आणि कोणी ठेव ठेवली असेल तर ती मागितल्यावर ‘माझ्याकडे नाही’ म्हणायचं नाही. ‘शपथ’ या अर्थी त्यानं पत्रात हाच शब्द वापरला आहे. म्हणजे परक्या अधिकाऱ्याच्या नजरेत पहिल्यांदा भरला तो ना धूप ना मेणबत्त्या. भरली ती शेजाऱ्याची ठेव परत करण्याची शपथ. मला हे पत्र फार मोलाचं वाटतं.

आपला मराठी शब्द तर त्याहून पुढं जातो. आपण ‘सोळा संस्कार’ म्हणतो तेव्हा एका दिवसाचा विधी मनात असतो. ‘आईबापांनी मुलावर चांगले संस्कार केले’ म्हणतो तेव्हा वर्षानुवर्षं हळूहळू मुरत गेलेलं काहीतरी मनात असतं. ख्रिस्ती संस्कारात हे दोन्ही अर्थ एकत्र धरावे लागतात. विधी एका दिवसाचा, मुरणं आयुष्यभराचं. यातला एक अर्थ सोडला की दुसरा अर्धवट राहतो, एवढंच खरं तर मला सांगायचं आहे.

आता संस्कार किती, यावर आमच्यात एकमत नाही आणि ते माझ्या घरातच दिसतं. माझं माहेर नगरचं, आताच्या अहिल्यानगरचं. तिथली आमची मंडळी सी.एन.आय.ची, म्हणजे १९७० साली नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. सासर पुण्यात नाना पेठेतलं, पक्कं कॅथलिक. सासरी सात संस्कार: बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्यातला विश्वास पक्का करणं), ख्रिस्तप्रसाद (वेदीवरची भाकर घेणं), प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला तेल लावणं), गुरुदीक्षा (फादर होण्याची दीक्षा) आणि विवाह. ही सातची संख्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेनं १५४७ साली ठामपणे मांडली. माहेरी मुख्य संस्कार दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, कारण ख्रिस्तानं स्वतः आज्ञा देऊन, हातात धरता येईल अशा खुणेसकट नेमून दिलेले हे दोनच, असं प्रोटेस्टंट मानतात. बाकीच्या गोष्टी आमच्याकडेही होतात, लग्नं लागतात, आजाऱ्यासाठी प्रार्थना होते. पण त्यांना त्या रांगेत बसवत नाहीत.

मात्र दोन्हीकडे रचना एकच. रोजच्या वापरातली एखादी वस्तू, पाणी, भाकर, तेल किंवा माणसाचा हात. तिच्यावर उच्चारलेला शब्द. आणि या दोन्हींतून देव आपलं वचन पाळतो हा विश्वास. जुन्या काळचे ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन, त्यांनी संस्काराला ‘डोळ्यांना दिसणारा शब्द’ म्हटलं आहे.

यावर एक अवघड प्रश्न लोक नेहमी विचारतात. विधी करणारा फादर किंवा पाळक स्वतःच वाईट निघाला तर? चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत यावरून मोठा वाद पेटला होता. ऑगस्टीननं पाण्याचाच दाखला दिला: दगडी पाटातून पाणी बागेत जातं, दगडात काही उगवत नाही, बाग मात्र फुलते. पुणेकराला हे पटकन कळावं. पेशवाईत कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांपर्यंत नळानं पाणी यायचं. त्या नळाची पुण्याई कोण मोजत बसलं होतं? पाणी तलावाचं. देणारा देव आहे, म्हणून संस्कार विधी करणाऱ्याच्या लायकीवर टांगलेला नसतो. पण या शिकवणुकीचा दुसरा भागही आहे आणि त्यासाठी मराठीत म्हण तयारच आहे. पालथ्या घड्यावर कितीही पाणी ओता. पाणी खरं असतं, वाहतंही. घडा उताणा ठेवणं आपल्याकडे असतं.

बाप्तिस्म्यातलं पाणी हे कसलंही खास पाणी असावं लागत नाही. नळाचं चालतं. बाळाच्या जिवाला धोका असेल तर कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. नर्स हिंदू असो, मुसलमान असो, चर्चला जे करायचं आहे तेच करण्याच्या हेतूनं तिनं पाणी ओतून ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने’ हे शब्द म्हटले की झाला. आणि तो एकदाच होतो. मी लग्न होऊन इकडे आले तेव्हा नगरला तान्हेपणी झालेला माझा बाप्तिस्मा इथे तसाच मान्य झाला, पुन्हा पाणी घालावं लागलं नाही. दोन पंथांमधल्या इतक्या भिंती असताना ही एक भिंत मुळातच नाही, याचं मला लग्नाच्या दिवशी किती बरं वाटलं होतं.

एकदाच होतो, मग रोजच्या जगण्यात त्याचं काय उरतं? प्रोटेस्टंट सुधारणेची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरनं १५२९ च्या आपल्या छोट्या प्रश्नोत्तरीत हाच प्रश्न घेतला आहे. पाण्याचा अर्थ काय, तर आपल्यातला जुना माणूस रोज पश्चात्तापानं बुडवायचा आणि रोज नवा माणूस वर काढायचा. रोज! माझी आई सकाळी तोंडावर पाण्याचा पहिला हबका मारताना डोळे मिटून क्षणभर थांबायची. लहानपणी मला वाटायचं पाणी गार लागतं म्हणून थांबते. बऱ्याच वर्षांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "काल जे बोलायला नको होतं ते तिथं धुवून टाकते, आणि आज ते बोलायचं नाही असं ठरवते."

पंडिता रमाबाईंचंही इथे आठवतं. पुण्यातच त्यांची इंग्लंडमधल्या वाँटेज इथल्या ख्रिस्ती सिस्टर्सशी ओळख झाली, त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्या मुकाट्यानं ‘हो’ म्हणत राहिल्या असं मुळीच झालं नाही. ज्यांनी त्यांना ख्रिस्ताची ओळख करून दिली, त्याच सिस्टर्सना पत्रांतून त्या शिकवणुकीवर अवघड प्रश्न विचारत राहिल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून उपासमारीनं अर्धमेल्या झालेल्या मुली घेऊन आल्या, आणि केडगावला त्यांचं मुक्ती सदन उभं राहिलं. त्या दिवशी वाँटेजला त्यांच्या डोक्यावर पडलेल्या पाण्याचा अर्थ मला दौंडच्या गाडीतून केडगाव स्टेशन दिसलं की जास्त कळतो.

आता भाकर. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूनं जी हातात घेतली, उपकार मानले, मोडली आणि शिष्यांना दिली, ती मराठी बायबलमध्ये ‘भाकर’ आहे. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ या प्रभूच्या प्रार्थनेतही तोच शब्द. भाषांतर करणाऱ्यांनी वेदीवर एक आणि ताटात दुसरा असा वेगळा शब्द योजला नाही. वेदीवर प्रत्यक्षात गव्हाची पातळ चकती असते, नगरला आमच्याकडे पावाचे तुकडे असायचे, पण शब्द ज्वारीच्या पिठाचा आहे. तो कानावर पडला की आमच्या माणसाला चूल आठवते, मोडताना निघणारी वाफ आठवते. माझ्या सासूबाई भाकरी कधी सुरीनं कापू देत नाहीत. हातानंच मोडायची आणि पहिला तुकडा दुसऱ्याच्या ताटात.

एकत्र खाणं सोपं नसतं हे पहिल्या पिढीलाच कळलं होतं. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनासाठी जमल्यावर ज्यांच्याकडे होतं ते आधी खाऊन घ्यायचे आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी बसायचे. ही मंडळी उभारणारा प्रेषित पौल त्यांच्यावर चांगलाच संतापला. हे तुम्ही खाता ते प्रभुभोजन नव्हेच, असं त्यानं लिहिलं, आणि उपाय किती साधा सांगितला: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. आणि पुण्याला तर या बाबतीत कोणी शिकवायला नको. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या नामवंतांना बोलावलं होतं, त्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. चहा पुढं आला. कोणी घेतला, कोणी नुसता ओठाला लावला. नावं छापून आल्यावर जे ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, उठलं, ते शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्तापर्यंत पोचलं. एका पेल्यातून पिणं म्हणजे काय, हे या शहरानं एक कप चहावरून अनुभवलेलं आहे. म्हणून आमच्या मंडळ्यांमध्ये वेगवेगळ्या जातींतून आलेली माणसं प्रभुभोजनात एकाच पेल्याला ओठ लावतात, तेव्हा त्याची किंमत मी कमी समजत नाही. आणि त्याच मंडळीत लग्नाच्या सोयरिकी जमवताना जात हळूच पुन्हा विचारली जाते, तेव्हा पौलाचा संताप मला शब्दशः आपल्यासाठी लिहिलेला वाटतो.

माझ्या स्वतःच्या बाबतीत सांगायचं तर, मी रविवारी सासरच्यांबरोबर मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, जाते, पण ख्रिस्तप्रसाद घेत नाही. कॅथलिक चर्चमध्ये, काही अपवाद सोडले तर, तो इतर पंथांच्या माणसांना देत नाहीत. बाप्तिस्मा एक मानतात, मेज अजून एक झालेलं नाही. नवरा रांगेत पुढे जातो, मी बाकावर थांबते. पहिली काही वर्षं हे फार टोचायचं. अजूनही टोचतं, आणि टोचायलाच हवं असं आता वाटतं, कारण चर्च तुटलेलं आहे ही गोष्ट खरी आहे. सासूबाई प्रसाद घेऊन परत आल्या की माझ्या शेजारी गुडघे टेकतात आणि माझा हात हातात धरून ठेवतात. त्यावर आम्ही दोघी कधी बोललेलो नाही. घरी आल्यावर भाकरीचा पहिला तुकडा माझ्या ताटात पडतो.

प्रायश्चित्ताच्या संस्काराविषयी बाहेर सगळ्यात जास्त गैरसमज आहे. कपाटात जाऊन फादरच्या कानात सांगितलं की पाप पुसलं, मग पुन्हा करायला मोकळे, असं सिनेमा पाहणाऱ्याला वाटतं. शिकवण तशी नाही. आधी स्वतःला तपासायचं, मनापासून वाईट वाटून घ्यायचं, पुन्हा न करण्याचं ठरवायचं, मग सांगायचं, मग भरपाई करायची. ऐकलेलं फादरनं कुठेही, जिवावर बेतलं तरी, उघड करायचं नाही. २०२० च्या टाळेबंदीत मिस्सा मोबाइलवर दिसायचा, कन्फेशन मात्र फोनवर झालं नाही. माणूस माणसासमोर लागतो. आणि क्षमा मिळाली तरी चोरलेली वस्तू परत करावी लागते, कोणाची बदनामी केली असेल तर त्याचं नाव सावरावं लागतं. प्लिनीच्या पत्रातली ठेव इथे पुन्हा भेटते.

माहेरी कन्फेशन नव्हतं, पण बायबलमधल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली एक सूचना होती: वेदीजवळ आल्यावर आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. वडिलांचा आणि धाकट्या काकांचा विहिरीच्या हिश्श्यावरून वर्षभर अबोला होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. एका रविवारी पाळकसाहेबांनी तोच उतारा वाचला आणि वडील भर उपासनेतून उठून बाहेर गेले. सायकलवरून काकांच्या वस्तीवर पोचायला त्यांना पाऊण तास लागला असेल. ते परतले तेव्हा देवळात झाडलोट चालली होती. त्यांचं त्या महिन्याचं प्रभुभोजन हुकलं. आईनं विचारलं, "काय म्हणाले भाऊजी?" "काही नाही. चहा केला." पुढच्या महिन्यात काका आमच्या बाकावर येऊन बसले.

तेलाचं मी सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात पाहिलं. पूर्वी याला अंत्याभ्यंग म्हणत आणि फादर तेल घेऊन आले की घरातली माणसं हबकायची, आता सगळं संपलं म्हणून. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर १९७२ मध्ये हा विधी सुधारला आणि भर आजाऱ्याला बळ देण्यावर आला; गंभीर आजारात घेता येतो, बरं होऊन पुन्हा आजार आला तर पुन्हा घेता येतो. तेल ऑलिव्हचं, पण नसेल तिथे दुसरं वनस्पतीचं तेलही चालतं. फादरनी सासऱ्यांच्या कपाळाला तेल लावलं आणि मग दोन्ही तळहातांना. त्या तळहातांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं काम केलं होतं. घट्टे तसेच होते. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई रोज संध्याकाळी खोबरेल तेल कोमट करून त्यांच्या तळहातांना आणि तळपायांना लावत. आधी हे काम त्या सुनांना सांगायच्या. फादर येऊन गेल्यावर कोणाला करू दिलं नाही.

लग्नाबद्दल एकच सांगते, कारण ते कमी लोकांना माहीत असतं. आमच्या सासरच्या पंथात लग्नाचा संस्कार फादर देत नाहीत. नवरा बायकोला आणि बायको नवऱ्याला देते. फादर साक्षीला असतात. म्हणजे हा संस्कार देण्याचं काम त्या दिवशी सुरू होतं आणि मग चालूच राहतं. दृढीकरण आणि गुरुदीक्षा यांच्याबद्दल लिहायला इथे जागा नाही, आणि माझा तितका अनुभवही नाही.

विधी न करता जगणारे ख्रिस्तीही आहेत, हे सांगायला हवं. मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी, १८८२ साली भारतात आली, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या संस्थापकांनी पाण्याचे नि भाकरीचे विधी थांबवले. सगळं जगणंच संस्कार व्हावं असं त्यांचं म्हणणं. आपल्या कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अखेरच्या काळात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही ख्रिस्तभक्त होते. मला त्या लोकांबद्दल खूप आदर आहे. तरी मला स्वतःला हाताला काहीतरी लागतं. नुसत्या मनावर माझा भरवसा नाही. मन विसरतं, पाणी विसरू देत नाही.

‘मिस्सा’ हा शब्दही विधीच्या शेवटच्या वाक्यातून आलेला आहे. लॅटिनमध्ये लोकांना निरोप देताना ‘ईते, मिस्सा एस्त’ म्हणत, म्हणजे जा, निरोप झाला आहे. तासभर चाललेल्या सगळ्या उपासनेला नाव पडलं ते बाहेर पडण्यावरून.

समोरच्या सुनेला यातलं निम्मं सांगून झालं तेव्हा तिनं पुन्हा आठवण केली, "काकू, मेणबत्तीचं राहिलं."

मेणबत्ती जपून ठेवतात. पहिल्या ख्रिस्तप्रसादाला पेटवतात, कोणी लग्नात पेटवतात. मी तिला सासूबाईंचा कप्पा उघडून दाखवला. तिन्ही मुलांच्या मेणबत्त्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर पेननं नावं लिहून ठेवलेल्या. पुण्याच्या मे महिन्यांनी तिन्ही थोड्या वाकल्या आहेत. दोन अखंड आहेत, एक चार बोटं कमी. ती माझ्या नवऱ्याची. दहावीच्या परीक्षेत भूमितीच्या आदल्या रात्री लाइट गेले, घरात दुसरी मेणबत्ती नव्हती, आणि सासूबाईंनी कप्पा उघडला.